आईवडिलांना घर घेणं सोपं गेलं का? हा हिशेब असा मांडा

आईवडिलांच्या पिढीला घर घेणं आजच्यापेक्षा सोपं होतं का, या वादात उतरण्याआधी तीन कागद शोधा: जुन्या फ्लॅटचा करारनामा, त्या वर्षीची पगाराची चिठ्ठी आणि त्याआधीच्या खोलीची भाडेपावती. पहिले दोन सगळे काढतात. तिसरा कोणी काढत नाही, आणि उत्तराचा मोठा भाग त्या पावतीत असतो.

मी सहकारी बँकेच्या गृहकर्ज विभागात नोकरी केली. त्यामुळे नात्यात कोणी फ्लॅट बघायला लागलं की फोन मला येतो. यंदा भाचा आणि त्याची बायको बोरिवलीत वन बीएचके शोधताहेत, आणि आजोबा-नातवाची जुंपली आहे. आजोबा म्हणजे माझे वडील, अण्णा. त्यांनी 1984 मध्ये गिरगावातल्या चाळीतली खोली सोडून बोरिवली पूर्वेला फ्लॅट घेतला. त्या दोघांचेच आकडे घेऊन दाखवते.

सुरुवात किमतीपासून करा, पण करारनाम्यावरचा आकडा खरा धरू नका. अण्णांच्या करारात 1,10,000 लिहिलेत. वरचे 38,000 रोख गेले होते. तेव्हा हे इतकं सर्रास चाले की ते लपवतही नाहीत, फक्त विचारल्याशिवाय सांगत नाहीत. म्हणून विचारा. मग मोजपट्टी घेऊन फ्लॅट मोजा. करारात 450 चौरस फूट बिल्टअप आहे, भिंतींच्या आत 340 भरतं. आजचा ब्रोकर रेराच्या, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवरच्या कायद्याच्या, नियमाप्रमाणे कार्पेट म्हणजे भिंतींच्या आतलं माप सांगतो, तेव्हा दोन्हीकडे कार्पेटच धरा. नाहीतर जुनं घर कागदावर उगाच मोठं दिसतं.

आता किमतीला पगाराने भागा. अण्णांचा हातात येणारा पगार 1,600 होता. 1,48,000 भागिले 1,600 म्हणजे साडेब्याण्णव महिन्यांचा पगार. त्याच सोसायटीत अलीकडे तेवढाच फ्लॅट एक कोटीला गेला. भाच्याला 65,000 मिळतात, म्हणजे जवळजवळ 154 महिने. इथे नातू जिंकतो. मग अण्णा चष्मा वर करून म्हणतात, "आणि सूनबाईंचा पगार?" तिचे 55,000 धरले की 83 महिने होतात, अण्णांपेक्षाही कमी. खरं तर या जागी बहुतेक घरांत वाद संपतो आणि थोरले जिंकले असं ठरतं. तुम्ही थांबू नका. आई नोकरी करत नव्हती, पण आम्हां तिघांना सांभाळणं, दळण, पाणी भरणं हे सगळं तिच्या अंगावर होतं. उद्या भाच्याला मूल झालं की पाळणाघराचा खर्च येईल. तो दुसऱ्या पगारातून वजा करा आणि मगच भागाकार करा.

पत्त्याचीही एक गफलत असते. 1984 मध्ये अण्णा बोरिवलीला निघाले तेव्हा चाळीतले लोक "गावाला चाललात का" असं विचारत होते. आमच्या इमारतीला टँकरचं पाणी होतं आणि स्टेशनपासून पुढे मातीचा रस्ता. आजची बोरिवली ती बोरिवली नव्हे. चर्चगेटहून बोरिवली साधारण 34 किलोमीटर, विरार 60. तेव्हाच्या बोरिवलीची तुलना करायची तर आजच्या विरार किंवा बदलापूरशी करा. हे नातवाला आवडत नाही, पण न्याय दोन्हीकडून हवा.

आता ती भाडेपावती. गिरगावातल्या खोलीचं भाडं महिना 14 रुपये होतं. शंभर रुपये पगारातला एक रुपयाही नाही! 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या मुंबईतली भाडी जवळपास 1940 च्या पातळीवर गोठवली होती. त्यामुळे पाच-दहा वर्षं पैसे साठवत बसायला अण्णांना काही खर्च नव्हता. शिवाय खोली सोडताना पागडी, म्हणजे खोलीचा हक्क घेणाऱ्या नव्या भाडेकरूने दिलेली रक्कम, मिळाली. 75,000 ठरले, रिवाजाप्रमाणे तिसरा हिस्सा मालकाने घेतला, 50,000 हातात आले. म्हणजे ज्या खोलीत ते भाडेकरू होते, तिनेच नव्या घराची एक तृतीयांश किंमत उभी केली.

उरलेली जमवाजमव मात्र आजच्या मुलांनी ऐकावी अशी आहे. कर्ज 60,000, साडेबारा टक्क्यांनी, 15 वर्षांचं. हप्ता 740, म्हणजे पगाराचा जवळपास निम्मा भाग. पीएफमधून 18,000, आईच्या सोन्याचे 12,000 आणि आत्याने दिलेले 8,000. घरासाठी कर्ज काढणं आज मोबाइलवर होतं. सामान्य माणसाला घरासाठी कर्ज द्यायचं हाच व्यवसाय असलेली देशातली पहिली कंपनी, एचडीएफसी, निघाली तीच 1977 मध्ये. अण्णांच्या ऑफिसात त्यांच्याआधी कर्ज काढून घर घेतलेला माणूस विरळा. बहुतेक जण निवृत्तीची ग्रॅच्युइटी हातात आली की घर घेत.

त्या स्वस्त भाड्याची किंमतही होतीच. मजल्याला मिळून संडास, पहाटेची रांग, आणि दुरुस्तीला मालक हात लावायला तयार नाही. अखेर 1969 मध्ये सरकारला त्यासाठी वेगळ्या दुरुस्ती मंडळाचा कायदा आणावा लागला. आणि हेही लक्षात ठेवा की "आम्ही घेतलं" ही गोष्ट ज्यांनी घेतलं तेच सांगतात. आमच्या चाळीत गिरणीत जाणारे चार-पाच जण होते. 1982 च्या संपानंतर त्यांच्यातल्या कोणी बोरिवलीचं नाव काढलं नाही. ते कोकणात परतले.

तर माझं उत्तर असं. अण्णांच्या पिढीला कर्ज मिळणं अवघड होतं, पण थांबणं फुकट होतं. भाच्याला कर्ज सहज मिळतं, थांबणं महाग पडतं. हे आकड्यांत बघा, कारण पुढचे सगळे निर्णय यावर आहेत.

एक कोटीच्या घराला बँक जास्तीत जास्त 75 टक्के देते. 75 लाखांच्या वरच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेची हीच मर्यादा आहे; 75 लाखांपर्यंतच्या कर्जाला बँक 80 टक्क्यांचा नियम लावू शकते, पण एक कोटीचे 80 टक्के त्याच्या वर जातात. म्हणून 25 लाख स्वतःचे. मुद्रांक शुल्क मुंबईत मेट्रो अधिभारासह 6 टक्के, म्हणजे 6 लाख. नोंदणी 30,000. ब्रोकर साधारण एक लाख, सोसायटीचं हस्तांतर शुल्क 25,000 पर्यंत. एकूण साडेबत्तीस लाख रोकड हवी, आणि वरच्या शुल्कांना कर्ज मिळत नाही. घर फक्त बायकोच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, इथे सरळ एक लाख वाचतात. दोघांच्या नावावर घेतलं की ती जाते.

भाचा आणि त्याची बायको कांदिवलीत 28,000 भाडं देतात आणि महिन्याला 35,000 बाजूला टाकतात. या गतीने साडेबत्तीस लाखांना 93 महिने लागतील. भाडं नसतं तर 63,000 पडले असते आणि 52 महिन्यांत काम झालं असतं. व्याज आणि घराची भाववाढ दोन्ही मी मुद्दाम सोडली आहेत, नाहीतर चित्र धूसर होतं. अण्णांचे 14 रुपये आणि यांचे 28,000, सगळा फरक एवढ्यात आहे.

म्हणून घर बघायला लागण्याआधी थांबण्याचा खर्च कमी करा. ज्यांचे आईवडील मुंबईत आहेत त्यांनी चार वर्षं त्यांच्याकडे राहायचा विचार नीट करावा. सासू-सुनेचं जमेल का, हा प्रश्न मी कमी लेखत नाही. म्हणून मुदत आधीच बोलून ठेवा आणि वाचलेलं भाडं पहिल्या तारखेलाच वेगळ्या खात्यात वळवा. खर्चाच्या खात्यात राहिलं तर ते राहत नाही. आईवडील गावी असतील तर शहरापासून एक-दोन स्टेशनं मागे सरका. ऑफिस घरून असेल तर आणखी मागे.

म्हाडाची, म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या घरांची, सोडत निघाली की अर्ज भराच. नंबर लागला नाही तर अनामत रक्कम परत येते, त्यामुळे थांबणाऱ्याचा यात तोटा फारसा नाही. फक्त सोडतीच्या भरवशावर बाकीचं थांबवू नका.

बांधकाम चालू असलेली इमारत स्वस्त वाटते तेव्हा तिच्या किमतीत ताबा मिळेपर्यंतचं भाडं मिळवा. तीन वर्षं 28,000 म्हणजे दहा लाखांवर गेलं. वर 5 टक्के जीएसटी. ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, मिळालेल्या घराला तो लागत नाही. या दोन्ही रकमा धरूनही नवं स्वस्त पडत असेल तर जरूर घ्या, पण महारेराच्या, म्हणजे रेरा कायदा राबवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाची ताबा देण्याची तारीख किती वेळा पुढे गेली आहे ते आधी बघा. नोंदणीकृत करार झाल्याशिवाय बिल्डरला दहा टक्क्यांपेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत, हेही त्याला हसतमुखाने सांगा.

हप्ता किती झेपतो? 75 लाखांना साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांचा हप्ता 65,000 येतो. दोघांच्या पगाराच्या निम्म्याहून जास्त. कर्ज विभागात बसून मी असे अर्ज मंजूर होताना पाहिले आहेत, आणि पहिल्या बाळंतपणाच्या रजेत हप्ते थकलेलेही. भाच्याला मी 55 लाखांच्या वर जाऊ नको म्हटलंय. त्याचा हप्ता 48,000 च्या आत बसतो. त्यात बोरिवलीत मनासारखं नाही मिळणार, मीरा रोड-नायगाव बघावं लागेल.

राहिली आईवडिलांची मदत. आज पागडीच्या जागी बहुतेकांकडे तीच आहे. अण्णा सहा लाख देणार आहेत. ते बँकेतूनच द्यावेत, आणि भेट म्हणून दिल्याचं एका कागदावर लिहून सही करावी. कर्ज देणारी बँक हे पैसे कुठून आले हे विचारतेच. आईवडिलांचं राहतं घर गहाण टाकून मात्र मदत घेऊ नका. आणि ही रक्कम देण्याआधी अण्णांनी आम्हां तिन्ही भावंडांना एकत्र बसवून सांगितलं. तुमच्याकडेही बहिणींना नंतर कळू देऊ नका.