लोकलची सेफ्टी मुलांना शिकवायला व्हॉलंटियर कसे तयार करायचे

ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या शाळांमधे रेल्वे सेफ्टीचं सेशन करायचं असेल तर व्हॉलंटियरला भाषण पाठ करायला लावू नका, आधी ऐकायला शिकवा. रूळ ओलांडू नये हे आठवी-नववीच्या पोरांना माहितीच असतं, तरी ती ओलांडतात कारण पूल लांब पडतो, क्लासला उशीर होतो आणि घरची मोठी माणसंपण तिथूनच येतात-जातात. ही कारणं मुलांच्या तोंडून आली की मगच पुढचं बोलणं त्यांच्या डोक्यात शिरतं.

म्हणून पहिला दिवस वर्गात नको. स्टेशन मास्तर आणि आरपीएफला (रेल्वे सुरक्षा दलाला) आधी सांगून परवानगी घ्या आणि गर्दीच्या वेळी चार-पाच जणांना प्लॅटफॉर्मच्या टोकाला, पिवळ्या पट्टीच्या आत अर्धा तास उभं करा. कोण कुठून उतरतं, कानात इयरफोन आहेत का, एक गाडी गेल्यावर दुसऱ्या ट्रॅकवर न बघता पुढे जातं का, सगळं वहीत लिहायला सांगा. रुळावर कोणीही जायचं नाही, फोटोसाठीसुद्धा नाही.

दुसरा दिवस मैदानात, आणि माझ्या मते खरं ट्रेनिंग हेच. ताशी ८० किमी म्हणजे सेकंदाला साधारण २२ मीटर, आणि क्रिकेटचं पिच असतं २०.१२ मीटर, म्हणजे "एक" म्हणेपर्यंत गाडी अख्खं पिच ओलांडून पुढे गेलेली असते. आता दोन ट्रॅक ओलांडायला ८ सेकंद लागतात असं धरा आणि त्या ८ सेकंदांत गाडी जेवढी पुढे येते तेवढं अंतर मुलांना मोजत चालायला लावा, जवळजवळ ९ पिच होतात, शाळेचं मैदान संपतं पण अंतर संपत नाही! हे पोरं विसरत नाहीत. सोबत हेपण सांगा की मोठी वस्तू लांबून येताना आपल्या डोळ्याला आहे त्यापेक्षा हळू वाटते, वडाळ्याजवळ २०१० च्या सुमारास म्हणूनच रुळाखालचे काही आडवे स्लीपर पिवळे रंगवून बघितले होते, गाडीचा वेग लोकांना नीट कळावा म्हणून. आणि मोटरमनने ब्रेक मारला तरी गाडी जागच्या जागी थांबत नाही.

वायरचा विषय सोडू नका. वर २५,००० व्होल्ट असतात आणि हात लावायचीपण गरज नाही, नुसतं जवळ गेलं तरी करंट उडी मारून येतो, त्यामुळे उभ्या मालगाडीवर सेल्फीसाठी चढणं हा प्रकार आधी बोला. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली रुळावर गेलं तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, हे एका वाक्यात सांगून पुढे जा.

सगळ्यात अवघड भाग दरवाज्यात लटकण्याचा. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दरवाज्यात लटकलेली माणसं लोकलमधून पडून गेली ते या भागातल्या प्रत्येक घराला माहितीये, आणि ती माणसं मजेसाठी लटकत नव्हती हो, आत जागाच नव्हती. त्यामुळे "लटकू नका" एवढंच बोलून गप्प बसणाऱ्या व्हॉलंटियरवर मुलं विश्वास ठेवणार नाहीत. काय करता येतं ते सांगा, पुढची गाडी पकडा, बॅग पुढे घ्या, मोबाईल खिशात ठेवा (दरवाज्यात फटका मारून मोबाईल पाडणारे असतात), चालत्या गाडीत चढू-उतरू नका, आणि काही रुळावर पडलं तर उडी न मारता स्टेशनवरच्या स्टाफला सांगा नाहीतर १३९ ला फोन करा.

शेवटच्या दिवशी आपापसात सराव घ्या, एकाने मुलगा व्हायचं आणि "माझे बाबा २० वर्षं रूळ ओलांडतायत, त्यांना कुठे काय झालं?" असं विचारायचं. उत्तर देताना बाबांना नावं ठेवायची नाहीत, ९ पिचवर परत यायचं. अपघाताचे फोटो दाखवू नका, स्टंटचे रील "असं करू नका" म्हणूनपण दाखवू नका, काही पोरांना तेच करून बघावंसं वाटतं. आणि शाळेत जायच्या आधी वर्गशिक्षकांना विचारून घ्या, वर्गात कोणाच्या घरचं माणूस रेल्वे अपघातात गेलंय का, तसं असेल तर त्या मुलाला बाहेर थांबायचं का ते त्यालाच ठरवू द्या.