साहेबांचा घोळ दिसलाय, बोलायचं का गप्प बसायचं?

माल गेटवर आलाच नाही आणि साहेब म्हणतो जीआरएन (माल मिळाल्याची सिस्टीममधली नोंद) मारून टाक, गाडी उद्या येईल. कधी कधी गाडी खरंच येते, महिनाअखेरीची घाई असते. पण दर महिन्याला त्याच एका वेंडरची गाडी उद्यावर जात असेल आणि बिल मात्र आजच पास होत असेल तर समजा, पाणी मुरतंय.

आता पहिला प्रश्न साहेब किती वाईट आहे हा नाहीये, कागदावर सही कोणाची आहे हा आहे. जीआरएन तुमच्या लॉगिनने पडलं असेल तर उद्या ऑडिटला तुम्ही पहिले सापडणार, साहेब म्हणणार मी तर तोंडी काही बोललोच नव्हतो. म्हणजे तुमचं लॉगिन वापरलं जात असेल तर गप्प बसणं सेफ वाटतं पण नसतं. सही तुमची नसेल, कँटीनमध्ये नुसतं ऐकलं असेल की साहेब टक्का घेतो, तर तक्रारीची घाई नको. साहेब खडूस आहे, सुट्टी देत नाही, हा तर वेगळाच विषय, तो यात मिसळला की मूळ तक्रारच हलकी होते.

तक्रार करायची का नाही हे ठरेपर्यंत एक काम आजपासून करता येतं, सही थांबवा. भांडायचं नाही, साधं म्हणायचं "सर, गेट एन्ट्री नाहीये, सिस्टीमला मॅच होणार नाही, तुम्ही मेल टाका मी लगेच करतो." मेल बहुतेक येतच नाही. आला तर तोच पुरावा.

सोबत तारीखवार नोंद ठेवा, पीओ म्हणजे खरेदी ऑर्डरचा नंबर, चलान नंबर, कोण काय बोललं, त्याच दिवशी लिहा. कंपनीच्या फाइली स्वतःच्या जीमेलवर पाठवू नका हां, मग चौकशी साहेबाची राहते बाजूला आणि डेटा चोरला म्हणून तुमचीच सुरू होते. नंबर आणि तारखा लिहून ठेवल्या तर रेकॉर्ड चौकशीवाले स्वतः काढतात.

मग घरचा हिशोब. ईएमआय किती, नोकरी गेली तर किती महिने निघतील, परमनंट असाल आणि ग्रॅच्युइटीची ५ वर्षं भरायला थोडेच दिवस राहिले असतील तर तेही बघा. यात भित्रेपणा काही नाही, घर तुम्हालाच चालवायचंय.

सांगायचं कुणाला? एचआर कंपनीचं असतं, तुमचं नाही, हे डोक्यात ठेवा. कंपनी लिस्टेड असेल, लोकांच्या ठेवी घेत असेल किंवा बँकांचं कर्ज ५० कोटींच्या वर असेल तर २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १७७ प्रमाणे तक्रारीची वेगळी यंत्रणा ठेवावीच लागते, आणि गरज पडली तर थेट ऑडिट कमिटीच्या अध्यक्षापर्यंत जायची सोय हवी. वेबसाइटवर व्हिसलब्लोअर (म्हणजे आतला गैरप्रकार उघड करणारा) पॉलिसी शोधा. छोटी कंपनी असेल तर सरळ मालक, आणि मालकच सामील असेल तर मी म्हणेन दुसरी नोकरी बघा. २०१४ च्या व्हिसलब्लोअर कायद्यावर विसंबू नका, तो सरकारी कारभारापुरता आहे आणि पास होऊनही लागू झालेला नाही. सरकारी ऑफिसात लाच मागतायत तर एसीबीचा, म्हणजे लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा, १०६४ हा फोन नंबर आहे. लैंगिक छळ असेल तर रस्ताच वेगळा, अंतर्गत समितीकडे ३ महिन्यांत लेखी तक्रार, त्यात उशीर करू नका.

निनावी पाठवावी का? जीआरएन मारणारे दोघंतिघंच असतील तर साहेब दुपारपर्यंत ओळखेल, मग नाव देऊन पाठवलेली बरी, निदान नंतर त्रास दिला तर तक्रारीमुळेच दिला हे दाखवता येतं. लिहिताना भ्रष्ट, नालायक असले शब्द नकोत. तारीख, पीओ, रक्कम, गेट रजिस्टरमध्ये एन्ट्री नाही, बास. एक पान पुरे.

आणि राजीनामा द्यायचंच ठरलं असेल तर तक्रार नोटीस पिरियड संपायच्या आत करा, शेवटच्या दिवशी आयडी बंद झाला की मेलही उघडत नाही.