सात इंची रेकॉर्डचं पाकीट हाताने: टीन आयडल्सचा साचा

वॉशिंग्टन डीसीचा टीन आयडल्स हा पंक (वेगवान, आक्रमक आणि बऱ्याचदा राजकीय रॉक संगीत) बँड जेमतेम वर्षभर टिकला. १९८० च्या अखेरीस तो मोडला, तेव्हा कार्यक्रमांतून साठलेले सुमारे ६०० डॉलर पेटीत होते. चौघांनी ते वाटून न घेता आठ गाण्यांची सात इंची रेकॉर्ड काढली आणि त्यासाठीच डिसकॉर्ड ही कंपनी सुरू झाली. पहिल्या प्रती हजार. तयार पाकिटं परवडणारी नव्हती, म्हणून एक इंग्लिश पाकीट उकलून त्याचा साचा काढला, ११ बाय १७ इंची कागदावर छापून घेतला आणि पाकिटं हातानेच कापून, दुमडून चिकटवली. आपला ए-थ्री कागद जवळपास त्याच मापाचा आहे, तेव्हा तसंच पाकीट घरीही करता येतं.

रेकॉर्डचा व्यास साधारण १७.५ सेंमी असतो. आतल्या पातळ कव्हरसकट ती सहज सरकायला हवी, म्हणून पाकिटाची बाजू १८.४ सेंमी धरा. ए-थ्री कागद आडवा ठेवून ३६.८ बाय १८.४ सेंमीचा आयत आखा आणि मधोमध घडीची रेघ मारा. छापील बाजू वर असताना उजवा चौकोन पुढचा, डावा मागचा. इथे अदलाबदल झाली की पाकीट उलट्या बाजूने उघडतं. ही चूक छपाई झाल्यावरच दिसते, तेव्हा आधी कोऱ्या कागदाचा नमुना करून त्यावर ‘पुढे’, ‘मागे’ लिहा.

उजव्या चौकोनाला वर आणि खाली दीड सेंमीच्या पट्ट्या ठेवा. त्यांची टोकं अर्धा सेंमी तिरकी कापा, नाहीतर कोपऱ्यात कागद बाहेर डोकावतो. पट्ट्या मागच्या भागावर बाहेरून चिकटवायच्या. आत चिकटवल्या तर रेकॉर्ड कडेला अडकते.

कागद १५० ते १७० जीएसएमचा (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) घ्या. त्याहून जाड कागद घडीवर फाटल्यासारखा दिसतो, पातळ असेल तर पाकिटाला पोक येतो. दुकानातच तो दोन्ही दिशांनी हलका वाकवून बघा. ज्या दिशेने सहज वाकतो, मधली घडी त्याच दिशेने यायला हवी. आडवी आली की ती कितीही दाबली तरी फुगून राहते. दुमडण्याआधी स्केल धरून शाई संपलेल्या बॉलपेनने रेघ दाबून घ्या.

टीन आयडल्सच्या मुखपृष्ठावर एकमेकांवर ठेवलेल्या दोन मुठी आहेत, हातांवर काळी फुली. अल्पवयीन पोरांना दारू मिळू नये म्हणून क्लबमध्ये ही खूण करत. पोरांनी ती स्वतःची निशाणी केली. झेरॉक्ससाठी असंच ठळक काळं-पांढरं चित्र निवडा. करड्या छटांचे फोटो चिखलासारखे उमटतात. भरीव काळा रंग घडीपासून ३ मिमी लांब ठेवा, कारण टोनर (झेरॉक्सची कोरडी शाई) घडीवर तडकतो आणि पांढरी रेघ उघडी पडते.

पाणी घातलेला फेविकॉल टाळा, कागद सुरकुततो. ग्लू स्टिक पुरते. घडीपासून ३ मिमी सोडून लावा. चिकटवताना आत १८ सेंमीचा पुठ्ठा घाला, म्हणजे पाझरलेल्या डिंकाने पाकीट आतून बंद होणार नाही. पंधरा मिनिटं जड पुस्तकांखाली ठेवा. दहा टक्के कागद जास्तच छापा. शंभरात चार-पाच वाकडे कापले जातातच.

गाण्यांचे शब्द नक्की द्या. इतक्या वेगाने म्हटलेलं राजकारण नुसतं ऐकून कळत नाही. ए-फोर चार पदरी दुमडला की पाकीट फुगतं, त्यापेक्षा ३५ बाय १७.५ सेंमीच्या कागदाला मधोमध एकच घडी घाला. किंमतही पाकिटावरच छापा. इंग्लंडचा क्रास हा बँड ‘याहून जास्त देऊ नका’ असं किमतीसकट छापत असे. मग दुकानदाराला भाव चढवणं अवघड जातं. मात्र हा आकडा रेकॉर्ड, कागद, छपाई आणि टपालखर्च यांची बेरीज हातात आल्यावरच ठरवा.