माइनक्राफ्ट खेळू द्या, पण शेजारी बसून

सुट्टी लागली की घरोघरी तेच, पोरगं मोबाईल घेऊन कोपऱ्यात आणि आपण किचनमधून ओरडतोय. मीपण तेच करायचे. मग एकदा वैतागून त्याच्या शेजारीच जाऊन बसले आणि लक्षात आलं की माइनक्राफ्ट (ठोकळ्यांच्या जगात खणायचं, बांधायचं, शेती करायची असा गेम) नुसता चालू ठेवला तर पोरगं तासभर डुकरांच्या मागे पळतं, पण मधेच एखादा प्रश्न टाकला ना, तर शाळेचं बरंच गणित तिथेच पडलेलं असतं.

आधी सेटिंग. नवीन वर्ल्ड बनवताना सर्व्हायव्हल मोड (सगळं सामान स्वतः गोळा करायचं) घ्या पण डिफिकल्टी पीसफुल ठेवा, म्हणजे झोंबी येत नाहीत आणि रडारड होत नाही. मल्टिप्लेअर, म्हणजे इतरांबरोबर ऑनलाइन खेळणं, बंद. पेमेंटला पासवर्ड टाका (आधी टाका, मी नंतर टाकला). आणि कोऑर्डिनेट्स (आपण कुठे उभे आहोत ते सांगणारे आकडे) दाखवायचं ऑप्शन चालू करा, हे फार कामाचं.

आता शेती. हे सगळ्यात भारी. पाण्याचा एक ठोकळा चारी बाजूंना ४ ठोकळ्यांपर्यंत जमीन ओली ठेवतो. मग विचारा, पाणी मधोमध ठेवलं तर गहू किती लागेल? पोरगं आधी अंदाजाने काहीतरी ठोकून देतं, द्या ठोकू, मग मोजायला लावा. एका बाजूला ४, दुसऱ्या बाजूला ४ आणि मधला १ असे ९, मग ९ गुणिले ९ म्हणजे ८१, त्यातला एक पाण्याचा गेला, राहिले ८०. लगेच दुसरा प्रश्न, तेच पाणी शेताच्या कोपऱ्यात खणलं तर? ५ गुणिले ५, त्यातला एक पाण्याचा, म्हणजे फक्त २४. आमच्याकडे यावर पंधरा मिनिटं भांडण झालं, शेवटी त्याने खरंच कोपऱ्यात खणून बघितलं आणि गप्प बसला. क्षेत्रफळ हा शब्द मी उच्चारलासुद्धा नाही, तुम्हीपण उच्चारू नका, उच्चारला की अभ्यासाचा वास येतो आणि पोरगं उठून जातं.

भट्टीचंही तसंच. एका कोळशावर ८ गोष्टी भाजून होतात, तर ६४ कच्चं लोखंड वितळवायला किती कोळसा लागेल? ८ लागतो, आमचा लेक सापडेल तेवढा सगळा कोंबत होता. थोड्या मोठ्या मुलांना असं विचारा: ९ कोळसे जोडून एक मोठा ठोकळा बनतो आणि त्यावर ८० गोष्टी भाजतात, मग सुटे जाळायचे की ठोकळा? सुट्यांवर ७२च होतात, म्हणजे ठोकळा फायद्याचा. पण भाजायला २०च वस्तू असतील तर? इथे मुलं खरी विचारात पडतात.

ऋण संख्या शिकवायला कोऑर्डिनेट्स. त्यातला वाय म्हणजे उंची-खोलीचा आकडा. हिरे साधारण वाय -५९ च्या आसपास जास्त मिळतात, आणि पोराला एकदा हिरे पाहिजेत म्हटल्यावर -५९ हे -२० च्या खाली असतं हे त्याला समजावून सांगावं लागत नाही, तो खणतच जातो.

वेळेचं भांडण कसं मिटवायचं ते पण सांगते. गेममधला एक दिवस म्हणजे आपली २० मिनिटं. आमचा नियम होता, दोन दिवस खेळायचे आणि बंद, म्हणजे ४० मिनिटं, आणि सूर्य मावळताना दिसतो त्यामुळे 'अजून पाच मिनिटं' फारसं चालत नाही. फक्त एक लोचा आहे, गेममध्ये बेडवर झोपलं की रात्र उडून जाते आणि दिवस लवकर संपतो. हे कळल्यापासून आमचं ध्यान गेममध्ये झोपतच नाही. घरीही दहानंतरच झोपतं, पण तो वेगळा विषय.

रेडस्टोनला (गेममधली वायरिंग, त्याने दारं वगैरे उघडतात) घाई करू नका. त्याचा सिग्नल १५ ठोकळे जातो आणि मग संपतो, पुढे न्यायचा तर मधे रिपीटर (सिग्नल पुन्हा जोरात करणारा) लावावा लागतो, एवढं त्याला स्वतःला शोधू द्या. दार उघडत नाहीये म्हणून तो चिडेल, तुम्हाला हाक मारेल. उत्तर माहीत असलं तरी 'कुठपर्यंत लाईट पेटलाय बघ' एवढंच म्हणा आणि भाजी चिरायला जा.