कारवारात घर घेताय? विसाराआधी कन्नड कागद वाचा

बेळगावची माणसं कारवारला घर बघायला जातात ती डिसेंबर-जानेवारीत. हवा छान असते, समुद्र शांत असतो, आणि परत येताना अनमोडचा घाट चढेपर्यंत गाडीतच किंमत ठरलेली असते. मला फोन येतो तो त्यानंतर. "काका, विसार देऊन आलोय, कागद तेवढे बघा की." विसार दिल्यावर कागद बघून काय उपयोग?

गेल्या अठरा वर्षांत मी स्वतःचा एक आणि नातेवाईक-शेजाऱ्यांचे सहा व्यवहार कारवारात शेवटपर्यंत नेले. दोन अर्ध्यात मोडले, आणि ते मोडले म्हणूनच मी हे शिकलो. बजेट किती, कर्ज किती, हप्ता किती झेपतो हे घरी बसून ठरवा. त्यावर मी काही लिहीत नाही.

घर दोनदा बघा, एकदा मे महिन्यात आणि एकदा जुलैत. मे महिन्यात विहिरीचं पाणी पिऊन बघा. कोडीबाग, सदाशिवगड अशा काळी नदीच्या मुखाजवळच्या भागात काही विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात आणि जानेवारीत त्याचा पत्ताही लागत नाही. जुलैत स्लॅबच्या खालची बाजू बघा. तांबूस ओघळ दिसले तर आतल्या सळ्यांना खाऱ्या हवेनं गंज चढलाय. गंजून सळी फुगते आणि सिमेंट सोडून देते. वरून रंग मारून हे झाकतात, म्हणून रंग ताजा असेल तर नाणं घेऊन स्लॅब ठिकठिकाणी वाजवा. पोकळ आवाज आला की किंमत पुन्हा बोला. जांभ्याच्या चिऱ्याची जुनी घरं याबाबतीत जास्त टिकतात असं माझं मत आहे, फक्त त्यांचं छप्पर दरवर्षी बघावं लागतं.

त्याच फेरीत शेजारी जाऊन बसा. दलालाला सोबत नेऊ नका. वाट कुणाच्या जागेतून येते, पावसाचं पाणी कुणाच्या परड्यातून वाहतं, विहीर एकट्याची की सामाईक, वाड्यातल्या (म्हणजे त्या वस्तीतल्या) देवळाच्या उत्सवाला घरटी वर्गणी किती, एवढं विचारलं की पुरे. कारवारची माणसं कोकणी बोलतात, मराठी बहुतेकांना समजतं, आणि सरळ विचारलं तर सरळ सांगतात. तुम्ही त्यांच्या वाड्यात राहायला येणार आहात, तेव्हा ही ओळख पुढेही कामी येते. माझ्या घराची वाट शेजाऱ्याच्या कुंपणाच्या आत चार फूट आहे हे मला शेजारच्या अक्कांनीच सांगितलं. विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं. ती वाट मी खरेदीखतात लिहून घेतली.

आता मुख्य काम. कागद कन्नडमध्ये असतात आणि आपली माणसं तिथेच हात टेकतात. "वकील बघतील", "दलालाने वाचून दाखवलं", "बँक कर्ज देतेय म्हणजे टायटल स्वच्छच असणार." ही तिन्ही वाक्यं मी शंभरदा ऐकली आहेत आणि तिन्ही धोक्याची आहेत. वकील लागतोच, पण तुम्ही जे कागद नेऊन देता तेच तो तपासतो. बँकेचा वकील बँकेसाठी बघतो. आणि दलालाची दलाली तर व्यवहार झाला तरच मिळते.

आमच्या घरी १ नोव्हेंबरला, सीमाभाग कर्नाटकात गेल्याच्या निषेधात, काळा दिवस पाळतात. तो विषय वेगळा. जमिनीचा कागद कन्नडमध्ये आहे म्हणून तो न वाचता सही करण्यात अभिमानाचं काही नाही, त्यात आपलंच नुकसान आहे. क, ख, ग तेच आहेत, फक्त वळण निराळं. रोज अर्धा तास दिलात तर तीन आठवड्यांत बसच्या पाट्या वाचता येतात, आणि उतारा वाचायला तेवढं पुरतं. शिवाय हे जिल्हे १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते. महसुली कन्नडमध्ये आपल्या ओळखीचे शब्द पावलोपावली भेटतात: बिनशेतकी, खराब, वारसा, उतारा.

पण नुसती अक्षरं लावून भागत नाही, हे मला पहिल्याच व्यवहारात कळलं. जमिनीच्या उताऱ्यात, म्हणजे आरटीसीत, ९व्या रकान्यात मालकाचं नाव असतं, १०व्यात ती जमीन त्याच्याकडे कशी आली ते, आणि ११व्यात इतर हक्क व बोजे. मी ११व्या रकान्यातलं एकेक अक्षर लावत गेलो. एका सोसायटीचं नाव होतं, पुढे "साल" असा शब्द आणि पुढे आकडा. साल म्हणजे वर्ष, असं धरून मी पुढे गेलो. कन्नडमध्ये साल म्हणजे कर्ज. त्या जमिनीवर शेती सोसायटीचं कर्ज थकलेलं होतं आणि मी विसार मोजून बसलो होतो. ते पैसे परत मिळवायला सात महिने लागले, तेही सगळे मिळाले नाहीत. तेव्हापासून मी हे शब्द एका कार्डावर लिहून पाकिटात ठेवतो, तुम्हीही लिहून घ्या. साल म्हणजे कर्ज. अडमान म्हणजे गहाण. माराट म्हणजे विक्री. विभाग पत्र म्हणजे वाटणीपत्र. हक्कु बिडुगडे पत्र म्हणजे हक्कसोडपत्र. पौती वारसा म्हणजे मयताच्या वारसांची नोंद. जंटी म्हणजे सामाईक. हळ्ळ म्हणजे ओढा. अरण्य म्हणजे अरण्यच, आणि हा शब्द उताऱ्यात कुठेही दिसला तर तिथेच थांबा. उत्तर कन्नड जिल्ह्याचा जवळपास ८० टक्के भाग जंगलाखाली आहे. अतिक्रमणाच्या जागेवर पिढ्यान्‌पिढ्या राहणारी कुटुंबं आहेत. त्यांचा प्रश्न खरा आहे, पण ती जागा ते तुम्हाला विकू शकत नाहीत.

क्षेत्र एकर-गुंठा-आण्यात लिहिलेलं असतं. १६ आणे म्हणजे १ गुंठा, ४० गुंठे म्हणजे १ एकर, आणि १ गुंठा १०८९ चौरस फूट. एकूण क्षेत्रातून खराब, म्हणजे लागवडीला न येणारी जागा, वजा करून बघा. ‘बी’ खराब असेल तर ती रस्त्याची किंवा ओढ्याची सरकारी जागा आहे. ती विकणाऱ्याची नसते, पण तो मोजताना हटकून धरतो. शहरातल्या जुन्या वस्तीत आरटीसीऐवजी सिटी सर्व्हेचं पीआर कार्ड, म्हणजे मालमत्ता पत्रक, मिळतं. तिथेही मालकाचं नाव आणि बोजे याच क्रमाने बघा.

यानंतर ईसी, म्हणजे एन्कम्ब्रन्स सर्टिफिकेट, बोजाचा दाखला. कन्नडमध्ये ऋणभार प्रमाण पत्र. मालमत्तेवर नोंदणीकृत व्यवहार काय काय झाले ते यात दिसतं. कर्नाटकच्या नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवर १ एप्रिल २००४ पासूनचं मिळतं. त्याआधीचं उपनिबंधक कार्यालयात अर्ज करून हाताने काढावं लागतं. निदान ३० वर्षांचं काढा. लोक २००४ पासूनचं काढून थांबतात, कारण ते घरबसल्या मिळतं. व्यवहार असतील तर फॉर्म १५ येतो, काहीच नसेल तर फॉर्म १६.

मेव्हण्याच्या घराच्या वेळी फॉर्म १६ हातात पडला. काही बोजा नाही म्हणून आम्ही खुशीत होतो. रात्री जुनं खरेदीखत पुन्हा चाळताना चक्कुबंदीवर नजर गेली. चक्कुबंदी म्हणजे चतुःसीमा, पूर्वेला काय, पश्चिमेला काय. तिथे जुना सर्व्हे नंबर होता, आणि आमच्या अर्जात फक्त नगरसभेचा घर नंबर. ज्या नंबराने शोधाल त्याच नंबराखालचे व्यवहार सापडतात. दुसऱ्या दिवशी सर्व्हे नंबर हिश्श्यासकट घालून पुन्हा अर्ज केला. आला फॉर्म १५, तीन नोंदी, त्यातली एक अडमान, अजून न फिटलेली. म्हणून नियम असा: सर्व्हे नंबर, सिटी सर्व्हे नंबर, घर नंबर, जेवढे नंबर त्या जागेला आजवर पडले असतील तेवढ्यांवर वेगवेगळं ईसी काढा. शुल्क किरकोळ आहे. कोरं ईसी आलं तर खूश होण्याआधी ते कोणत्या नंबरावर काढलंय ते बघा.

पण तिन्ही नंबरांवर ईसी कोरं आलं तरी वारस त्यात दिसत नाहीत. कोर्टात चालू असलेला दावाही दिसत नाही. कारवारची जुनी घरं बहुधा भाऊबंदकीत असतात. एक भाऊ घरात राहतो, दोघे मुंबईत, बहीण गोव्यात. वंशवृक्षाचा दाखला मागा, पण तेवढ्यावर विसंबू नका. दाखल्यात माहिती घालतं ते कुटुंबच. मी काय करतो सांगतो. घर बघायला गेलो की ओसरीवर भिंतीवरचे फोटो बघतो. एका घरी लाकडी चौकटीत जुना काळा-पांढरा फोटो होता, आई-वडील खुर्चीवर, मागे पोरं उभी. मी मोजली. पाच. दाखल्यात चार होती. परकर-पोलक्यातली डावीकडची मुलगी कोण, असं सहज विचारलं. घरातल्या काकू कोकमाचं सरबत घेऊन आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "ती आमची थोरली, लग्न होऊन गेली मुंबईला. तिला काय नको यातलं."

तिला काही नको असेल तर तिने तसं नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यायला हवं. तोंडी नको, साध्या कागदावरची सही नको. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. २००५ च्या दुरुस्तीने तो देशभर आला, कर्नाटकात त्याआधी १९९४ मध्येच राज्याचा कायदा झाला होता, आणि वडील २००५ मध्ये हयात असण्याची अट नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर नोंदवलेली वाटणी मात्र त्यामुळे मोडत नाही. म्हणून वाटणीपत्र आहे म्हणाले तर त्याची तारीख आणि नोंदणी क्रमांक बघा. वारसांत अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालचं, मूल असेल तर कोर्टाच्या परवानगीशिवाय पुढे जाऊ नका. आणि विसार देण्याआधी दोन जाहीर नोटिसा द्या, एक कारवारात खपणाऱ्या कन्नड दैनिकात आणि एक मुंबईच्या मराठी दैनिकात. मुंबईची नोटीस लोक पैसे वाचवायला टाळतात. मला दोनदा हरकती आल्या, दोन्ही वेळा मुंबईहून.

दुसरी अडचण किनारपट्टीच्या नियमांची, म्हणजे सीआरझेडची. नियम १९९१ मध्ये आले, २०११ आणि २०१९ मध्ये बदलले. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतची जागा त्यात येते, आणि जिथवर भरतीचं पाणी चढतं तिथवर काळी नदीचा काठही येतो. समुद्र दिसत नाही म्हणजे सीआरझेड नाही, असं समजू नका. जागा कोणत्या वर्गात आहे त्यावर सगळं अवलंबून असतं. शहरी विकसित भागात जुन्या रस्त्याच्या किंवा अधिकृत बांधकामाच्या जमिनीकडच्या बाजूला बांधता येतं, तर ग्रामीण भागात भरतीरेषेजवळचा ठरावीक पट्टा बांधकामाला बंद असतो. तिथलं जुनं अधिकृत घर दुरुस्त करता येतं, असलेल्या जोत्याएवढंच. पाडून दुमजली बांधू हा बेत करून घर घेणाऱ्यांनी आधी सर्व्हे नंबर देऊन पर्यावरण खात्याकडून लेखी उत्तर घ्यावं. पंचायतीने घरपट्टी लावलीय म्हणून बांधकाम अधिकृत ठरत नाही. बी खात्याचंही, म्हणजे कागद अपुरे असलेल्या मालमत्तांच्या वेगळ्या करनोंदीचंही, तसंच, कर भरून घेतात एवढाच त्याचा अर्थ.

फ्लॅट घेत असाल तर रेरा क्रमांक (बांधकाम प्रकल्पाचा सरकारी नोंदणी क्रमांक) आणि भोगवटा प्रमाणपत्र, दोन्ही. एक नसेल तर दुसरा फ्लॅट बघा.

हे सगळं जुळलं की मग विसार, चेकने, करारात परतीच्या अटीसह. पुढचं सोपं आहे. ई-खाते, म्हणजे मालमत्तेची संगणकावरची करनोंद, विकणाऱ्याच्या नावावर आधी करून घ्यायला लावा, त्याशिवाय आता नोंदणी होत नाही. ग्रामपंचायत हद्दीत ई-स्वत्तूचे, म्हणजे पंचायतीच्या मालमत्ता नोंदीच्या ऑनलाइन व्यवस्थेचे, फॉर्म ९ आणि ११ लागतात. स्वतंत्र घराला ५ टक्के मुद्रांक, त्यावर सेस आणि अधिभार धरून शहरात ५.६ टक्के पडतं. नोंदणी शुल्क ३१ ऑगस्ट २०२५ पासून १ चं २ टक्के झालंय. म्हणजे ५० लाखांच्या घराला ३ लाख ८० हजार वेगळे काढून ठेवा. आणि ५० लाख वा त्याहून जास्त किंमत असेल तर १ टक्का टीडीएस तुम्ही कापून भरायचा, विकणाऱ्याने नाही.

खरेदीखताचा मसुदा दोन दिवस आधी मागून घ्या आणि चक्कुबंदीच्या ओळी त्या जागेवर उभं राहून वाचा. पूर्वक्के, पश्चिमक्के, उत्तरक्के, दक्षिणक्के. प्रत्येक दिशेला जे लिहिलंय ते डोळ्यांनी दिसलं पाहिजे. शेजारी बदलला असेल तर नवं नाव घाला, वाट असेल तर रुंदी फुटांत घाला. नोंदणी झाल्यावर उतारा, पीआर कार्ड आणि खाते, तिन्हीवर तुमचं नाव चढेपर्यंत महिन्यातून एकदा जाऊन बघा. माझ्या घराचं खाते दोन महिन्यांत झालं, पीआर कार्डावर नाव यायला अकरा लागले, आणि त्यात आडनावाचं एक अक्षर चुकलं होतं. कन्नड वाचता येत होतं म्हणून ते खिडकीवरच दिसलं आणि त्याच दिवशी दुरुस्तीचा अर्ज देऊन आलो.