एडीएसएल लाइनवरचे सीआरसी एरर असे कमी झाले

लक्षण (नेट एडीएसएलचं, म्हणजे फोनच्या तारेवरून येणारं): मोडेमचा डीएसएल दिवा स्थिर, पण फोन वाजला की नेट अडखळायचं आणि मोठी फाइल अर्ध्यावर तुटायची. मोडेमच्या स्टेटस पानावर सीआरसी एरर (वाटेत बिघडलेल्या डेटाची मोजणी) तासाला हजारोंनी वाढत होते, डाउनस्ट्रीम (आपल्याकडे येणाऱ्या बाजूचं) एसएनआर मार्जिन, म्हणजे गोंगाटापेक्षा सिग्नल गरजेहून किती वर आहे ते, ५ डीबी. मार्जिन ६च्या खाली असेल तर लाइन डळमळीत समजा.

मोडेम बदलला, फर्मवेअर चढवलं, डीएनएसही बदलून पाहिला. तीन आठवडे नुसता वैताग.

शेवटी बाहेरून येणारी फोनच्या तारांची जोडी घरच्या वायरिंगपासून सोडवून थेट मोडेमला लावली. मार्जिन लगेच ११! म्हणजे दोष घरातच होता.

मग रोझेट (भिंतीवरची फोनची डबी, जिथे बाहेरची तार जोडलेली असते) उघडली. स्क्रूखालची तार हिरवी पडली होती. टोक कापलं, नवीन तांबं सोलून घट्ट कसलं. (रिंग येताना या तारेवर ७५ व्होल्टच्या आसपास दाब असतो, हात कोरडे ठेवा.) त्यानंतर आतल्या खोलीकडे जाणारी, वापरात नसलेली पॅरलल तार रोझेटपासूनच तोडली. अशी तार नुसती लोंबत असली तरी सिग्नल तिच्या मोकळ्या टोकावरून परत फिरतो आणि मूळ सिग्नल बिघडवतो. माझ्या मते मुख्य कारण हेच. पुढे स्प्लिटर (फोन आणि नेटचे सिग्नल वेगळे करणारी डबी) थेट रोझेटला लावला. त्याच्या आधी एकही फोन ठेवला नाही. मोडेमपर्यंतची लांब सपाट तार काढून कॅट-५ (नेटवर्कची केबल) मधली पिळाची एक जोडी टाकली.

मोडेम रीस्टार्ट करून मोजलं, नाहीतर जुने आकडेही त्यात धरले जातात. मार्जिन १०.५, चोवीस तासांत सीआरसी एरर १४.