कोल्हापुरी चपलेची रील: एआयला काय सांगायचं, कारागिराला काय विचारायचं

सगळ्यात आधी एक ठाम गोष्ट. एआयकडून चपलेचा फोटो बनवून घेऊ नका, कितीही देखणा आला तरी.

मी कोल्हापुरात चप्पल विकणाऱ्या लहान दुकानांचं इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप सांभाळते. एआय रोज वापरते आणि मनापासून वापरते. पण गिऱ्हाईक ज्या गोष्टीवर विश्वास ठेवून पैसे मोजतं, ती माणसाच्या हातची असली पाहिजे. तिच्या भोवतीचं काम यंत्राला द्या.

फोटोचंच बघा. एआयला ‘कोल्हापुरी चप्पल’ म्हटलं की लखलखीत चित्र येतं. ते मोठं करून बघा. वेणी पट्ट्यात मध्येच विरघळलेली असते, एका पायाला कान (बाजूची कातडी पाकळी) असतो, दुसऱ्याला नसतो, आणि तळाला बुटासारखी मशीनची शिलाई. कापशी मागा, कुरुंदवाडी मागा, कोल्हापुरीच्या या दोन प्रकारांतला फरक त्याला कळत नाही, दोन्हींचं कडबोळं येतं. आपल्या गिऱ्हाइकाला मात्र पार्सल उघडताक्षणी कळतं. मग माल परत येतो, आणि ते गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही.

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या. मूळ कारागिरांचा उल्लेख नव्हता, म्हणून इथे संताप उसळला, आणि भारतातल्या पारंपरिक चपलांवरून प्रेरणा घेतल्याचं कंपनीला मान्य करावं लागलं. आज प्रत्येक पेज ‘अस्सल’ लिहितं. नुसत्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? वादीनं, म्हणजे कातड्याच्या बारीक पट्टीनं, तळ शिवणाऱ्या हातांचा जवळून घेतलेला व्हिडिओ मात्र बघणाऱ्याला पटतो. म्हणून फोन उचला आणि सुभाषनगर, जवाहरनगर, जिथे तुमचा माल तयार होतो तिथे जा.

कच्चा माल कारागिराकडून

खिडकीजवळ बसा, उजेड बाजूने येऊ द्या, फोन हातांच्या उंचीला ठेवा. रेकॉर्डिंग चालू करून गप्पा मारा. ‘चप्पल कशी बनते?’ असं विचारलंत तर सगळ्यांना तेच पाठ उत्तर मिळतं. त्याऐवजी विचारा: मामा, ह्या जोडात सगळ्यात जास्त वेळ कुठं जातो? खोटी चप्पल हातात आली की तुम्ही आधी काय बघता? नवी चप्पल चावती म्हणून गिऱ्हाईक आलं तर काय सांगता? पावसात घातली तर काय हुतंय? घरातल्या बायका चपलेच्या पट्ट्याची वेणी घालत असतील तर त्यांच्याशीही बोला. वेणीबद्दल त्या जे सांगतील ते दुकानदारालाही सांगता येत नाही.

कॅमेऱ्यासमोर बसलेल्या वेळेचे पैसे द्या. त्या वेळेत त्यांचं काम थांबलेलं असतं. नाव आणि चेहरा दाखवायचा की नाही ते त्यांना विचारून ठरवा, परवानगी कागदावर घ्या. आणि त्यांच्या आवाजाची एआयने नक्कल करून हिंदी-इंग्रजी रील काढायचा मोह टाळा. मामांचा आवाज तसाच ठेवा, खाली सबटायटल द्या. लोक ऐकतात.

मग यंत्राला कामाला लावा

पहिलं काम म्हणजे बोलणं लिहून काढणं. मराठी ठीकठाक लिहितं, पण कोल्हापुरी बोली आणि धंद्यातले शब्द आले की अडखळतं. ‘वादी’ची ‘वाडी’ होते, ‘वेणी’ची ‘वाणी’. म्हणून सुरुवातीलाच शब्दांची यादी द्या: वादी, वेणी, कान, पट्टा, अंगठा, तळ, गोंडा, पायताण, बाभळीची साल, हिरडा. एवढ्यानं बरंच सुधारतं, तरी रेकॉर्डिंग लावून एकदा स्वतः ताडून बघाच.

त्यानंतर मी देते ती सूचना साधारण अशी: ‘खाली एका कारागिराचं बोलणं आहे. यात नसलेली कुठलीही माहिती घालू नकोस. रीलच्या पहिल्या तीन सेकंदांत चालतील अशी पाच वाक्यं निवड. वाक्यं जशीच्या तशी ठेव, बोली शुद्ध करू नकोस. प्रत्येकासाठी कुठलं दृश्य लागेल ते एका ओळीत लिही. परंपरा, वारसा, राजेशाही, संगम हे शब्द वापरायचे नाहीत.’

शेवटची ओळ महत्त्वाची आहे. ती नसेल तर हमखास येतं: ‘राजेशाही वारशाचा स्पर्श, आता तुमच्या पावलांना!’ हे वाक्य पैठणीला चालेल, चांदीच्या पैंजणाला चालेल, महाबळेश्वरच्या हॉटेललाही चालेल. आता रेकॉर्डिंगमधलं मामांचं वाक्य वाचा: ‘नवी चप्पल करकर बोलणारच. बोलू दे. तेल लावून चार दिवस घरात घाला, मग ती तुमच्या पायाची झाली.’ कॅप्शन तयार आहे. त्याला हात लावू नका.

यंत्र सगळ्यात उपयोगी पडतं ते यानंतर. त्याच मजकुराचं हिंदी आणि इंग्रजी सबटायटल, व्हॉट्सॲप स्टेटससाठी दोन ओळी, लांब व्हिडिओचे तुकडे कुठे पाडायचे त्याची यादी, महिन्याचं वेळापत्रक. एका दिवसाच्या शूटिंगमधून बऱ्याच पोस्ट निघतात. वेळापत्रकाला मात्र इथला हंगाम तुम्हीच सांगा: लग्नसराई, नवरात्रात अंबाबाईला येणारी गर्दी, दिवाळी. पावसाळ्यात कातडी चप्पल खपवायला जाऊ नका, ती कशी जपून ठेवायची ते दाखवा. आणि प्रत्येक सणाला एआयने बनवलेलं शुभेच्छांचं कार्ड टाकायचं बंद करा, त्यातून एकही जोड विकला जात नाही.

माहिती तपासल्याशिवाय काही टाकू नका. ‘भौगोलिक मानांकन फक्त कोल्हापूरला’ असं यंत्र बिनधास्त लिहून देतं. २०१९ मध्ये मिळालेलं ते मानांकन महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचं आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीचा कारागीर तुमची पोस्ट वाचणार आहे, हे लक्षात ठेवा.

बाहेरचे क्रिएटर घेताना

फॉलोअर मोजण्याआधी त्यांच्या कमेंट वाचा. पुण्यातली एखादी मुलगी साड्यांवर बोलते आणि खाली बायका खरेच प्रश्न विचारतात, तर ती तुमच्या कामाची. तिला एआयने लिहिलेली स्क्रिप्ट पाठवू नका. ती स्क्रिप्ट वाचत असेल तर तिच्याच माणसांना लगेच ओळखू येतं. टिपण पाठवा: चपलेबद्दल खरी माहिती, काय बोलायचं नाही (‘वॉटरप्रूफ’ तर अजिबात नाही), आणि मामांच्या रेकॉर्डिंगचा तुकडा. टिपणाची मांडणी यंत्राकडून करून घ्या. चप्पल आठवडाभर घालून झाल्यावर काय वाटलं ते तिने तिच्या शब्दांत सांगावं.

पैसे दिले असोत किंवा नुसता जोड फुकट दिलेला असो, पोस्टवर ‘जाहिरात’ हे स्पष्ट दिसलं पाहिजे. ‘आस्की’ या जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेची नियमावली २०२१ पासून हेच सांगते, आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानेही जानेवारी २०२३ मध्ये तशा सूचना दिल्या. दृश्य किंवा आवाज एआयने खऱ्यासारखा बनवला असेल तर तेही सांगावं लागतं. यूट्यूबवर मार्च २०२४ पासून अपलोड करताना तसा पर्याय येतो, इन्स्टाग्रामवरही लेबल आहे. सबटायटलला किंवा स्क्रिप्टच्या मदतीला यूट्यूब लेबल मागत नाही.

कमेंट आणि मेसेज

किंमत, पोचवायला लागणारे दिवस, बदली याची उत्तरं यंत्राकडून मसुदा करून घ्या, वाचून दुरुस्त करा आणि व्हॉट्सॲप बिझनेसच्या क्विक रिप्लायमध्ये ठेवा. तक्रार आली की ते सगळं बाजूला. दुकानदाराने स्वतःच्या आवाजात व्हॉइस नोट पाठवायची, ‘ताई, जोड परत पाठवा, मी बघतो’ एवढंच. चिडलेल्या माणसाला गुळगुळीत उत्तर मिळालं की तो अजून चिडतो.

महिन्याच्या शेवटी सगळ्या कमेंट आणि मेसेज गोळा करा. नावं, फोन नंबर आणि पत्ते आधी काढून टाका, मगच एआयला द्या आणि विचारा: लोक पुन्हा पुन्हा काय विचारतायत? लाइकच्या आकड्यांपेक्षा ही यादी मोलाची. आमच्याकडे वर आलेला प्रश्न होता रुंद पायाचा: पंजा रुंद आहे, कुठला नंबर घेऊ? तो घेऊन सरळ मामांकडे गेलो. त्यांनी कागद जमिनीवर ठेवला, त्यावर पाय ठेवायला लावला, पेन्सिल उभी धरून कडेकडेने रेघ मारली आणि अंगठ्याच्या खालच्या हाडापाशी आडवं माप घेतलं. तेच शूट केलं. आता मापाचा प्रश्न आला की तो व्हिडिओ जातो, आणि गिऱ्हाईक पट्टी शेजारी ठेवून कागदाचा फोटो पाठवतं.